अक्षरे जुळविणारे हात



छापील अक्षराच्या घडणीत स्त्रियांचा वाटा किती, हा आजचा विषय. यात तासभर बोलण्यासारखे काय असणार, अशी शंका काही मंडळींच्या मनात आली असेल तर ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. सकाळी वर्तमानपत्र हाती घेणारा माणूस बातमी वाचतो. त्या बातमीतला 'क' कोणी काढला हे तो विचारीत नाही. एस.टी.च्या पाटीवर 'कर्जत' ही अक्षरे दिसली की आपण पिशवी उचलून गाडीकडे धावतो. परंतु त्या अक्षरांचे प्रत्येक वळण, प्रत्येक गाठ, दोन अक्षरांमधले अंतर, हे सारे कोणीतरी बसून ठरविलेले असते. ते कोणी ठरविले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मराठी मुद्रणाची गोष्ट निघाली की ठरावीक नावे ओठांवर येतात. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्या छापखान्यात लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या अक्षरांचे पंच कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव आजही जाणकार आदराने घेतात. आपल्या नगरलाही या इतिहासात मान आहे. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरहूनच निघू लागला. ही सर्व माणसे थोर होती यात वाद नाही. मात्र या यादीत एकही बाई नाही.

याचे दोन अर्थ होऊ शकतात. बायांनी हे काम केलेच नाही, हा एक. किंवा बायांनी जे काम केले त्याला आपण कामच म्हटले नाही, हा दुसरा. आमचे मत दुसऱ्या अर्थाकडे झुकते, आणि ते का झुकते ते आता सांगावयाचे आहे.

जुन्या छापखान्यातील अक्षराचा प्रवास थोडक्यात पाहू. प्रथम पोलादाच्या कांडीवर उलटे अक्षर कोरावयाचे, हा पंच. तो तांब्यावर ठोकून साचा करावयाचा, ही मातृका. तिच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार होतो. असे हजारो खिळे लाकडी केसांच्या खान्यांत भरले जातात. मग जुळारी उभा राहतो. हातात लोखंडी स्टिक, समोर लेखकाचे हस्तलिखित, आणि बोटे खान्यांतून फिरत एकेक खिळा उचलीत असतात. इंग्रजीचे काम थोड्या खान्यांवर भागते. आपल्याकडे काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. अक्षर उलटे, ओळ उलटी, आणि हे उलटे जग जुळाऱ्याला सुलट्यासारखे वाचता आले पाहिजे. शिवाय आपली शिरोरेघ! एक खिळा जरा झिजलेला निघाला की तिथे रेघ तुटते आणि दात पडल्यासारखी ओळ दिसते. ओळ भरली की गॅली, मग प्रूफ, दुरुस्ती, फर्मा, छपाई, आणि शेवटी तेच खिळे पुन्हा आपापल्या खान्यांत टाकणे. नाव लागते ते पहिल्या पायरीला. पान वाचनीय होते की नाही हे मात्र पुढल्या पायऱ्यांवर ठरते.

त्या पुढल्या पायऱ्यांवर, आपल्या अगदी शेजारी, स्त्रिया उभ्या होत्या. त्या केडगावच्या.

केडगाव म्हणताच येथील मंडळींना नगरच्या वेशीवरचे केडगाव आठवेल. ते नव्हे. सिद्धटेकच्या गणपतीचे दर्शन घेऊन भीमेकडे तोंड करून उभे राहिले की पलीकडचा तीर दौंड तालुक्याचा. त्याच तालुक्यात, पुणे-दौंड लोहमार्गावर, हे दुसरे केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले आणि नंतर केडगावला जमीन घेतली, हे आपण जाणता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून, अनाथ मुली आणि निराधार विधवा त्यांनी शेकड्यांनी तिकडे आणल्या. एवढ्या तोंडांना दोन वेळचे अन्न घालावयाचे आणि उद्या त्यांनी कोणापुढे हात पसरू नये याचीही तजवीज करावयाची. म्हणून मुक्तिसदनात शेती आली, गाईगुरे आली, माग आले, तेलाचा घाणा आला. आणि छापखाना आला.

हा छापखाना मुली चालवीत. खिळे त्या जुळवीत, प्रुफे त्या पाहत, छपाई त्या करीत, बांधणीही त्याच करीत. ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिल कधी आली नव्हती अशा दुष्काळी मुलुखातल्या पोरी आधी अक्षर ओळखावयास शिकल्या आणि मग तेच अक्षर शिशाच्या खिळ्यावर उलटे ओळखावयास शिकल्या. आपण लहानपणी गिरवून गिरवून 'ग' शिकतो. यांच्यातल्या कित्येकींच्या बोटांनी 'ग' उचलून शिकला असेल. हा आमचा तर्क आहे, परंतु छापखान्यात काम केलेल्या माणसाला तो पटेल.

या छापखान्याचे मोठे काम म्हणजे रमाबाईंचे मराठी बायबल. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या उतारवयात शिकल्या आणि सुमारे दीड तप हे भाषांतर करीत राहिल्या. लिहिणे-वाचणे नव्याने शिकलेल्या बाईलाही कळावी अशी सोपी मराठी त्यांना हवी होती; संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत असे त्यांनी संस्कृत शब्द बाजूला सारावेत, हे विशेष आहे. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. शेवटची प्रुफे तपासून होईपर्यंत त्यांनी मृत्यूला थोपवून धरले, असे सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. भाषांतर करणारी बाई, जुळणाऱ्या बाया, तपासणाऱ्या बाया, छापणाऱ्या बाया. बायबलसारखा अवाढव्य ग्रंथ अशा रीतीने सिद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

या कामाचा आवाका जरा ध्यानात घ्या. दर अध्यायाला आकडे, दर वचनाला आकडे. एक शब्द बदलला की ओळ सरकते, ओळ सरकली की पान सरकते. आणि भाषांतरकर्ती त्याच आवारात, अखेरच्या आजारापर्यंत प्रूफ हाती धरून बसलेली! 'बाई, आता बदल नको' असे म्हणण्याची सोय कोणाला असणार? या मुलींनी किती ओळी सोडल्या आणि किती पुन्हा बांधल्या असतील त्याची गणती नाही. अक्षरजुळणी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना, ही नुसती मजुरी नव्हे, यात क्षणोक्षणी निर्णय आहे, हे वेगळे सांगावयास नको. शब्द कोठे तोडावा, ओळीत फट किती सोडावी, जोडाक्षराचा खिळा संपला तर पाय मोडून भागवावे की थांबावे, हे सारे जुळारणीच्या बोटांवर अवलंबून असते.

मग हे नाव आपल्या मुद्रणाच्या गोष्टीत का येत नाही? आमच्या मते कारण उघड आहे. १८९३ साली शारदासदनातील मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठले, पालकांनी मुली काढून घेतल्या, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागाने रमाबाईंकडे पाठ फिरविली ती फिरविलीच. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते हा आजचा विषय नाही. परंतु रमाबाईंकडे पाठ फिरविताना आपण त्यांच्या छापखान्याकडेही पाठ फिरविली. धर्माच्या खात्यावर लिहिलेली गोष्ट कारागिरीच्या खात्यावर चढलीच नाही. रमाबाईंचे नाव तरी उरले. जुळारणींचे एकही नाव आपल्याला पाठ नाही.

विलायतेत याच्या आधी एक प्रयोग झाला होता. एमिली फेथफुल नावाच्या बाईंनी लंडनमध्ये १८६० साली व्हिक्टोरिया प्रेस काढला आणि मुलींना जुळारीकाम शिकविले. पुरुष जुळारी खवळले. बायांना हे झेपणार नाही, त्यांची प्रकृती बिघडेल, आणि मुख्य म्हणजे आमची मजुरी पडेल, अशी ओरड झाली. फेथफुलबाईंनी जुळारणींना बसावयास उंच स्टुले दिली, अवजड कामाला पुरुष ठेवले आणि छापखाना चालविला. १८६२ मध्ये राणीने त्यांना आपल्या मुद्रक म्हणून मान्यताही दिली. केडगावला ओरड करावयास पुरुषच नव्हते, हा फरक.

अक्षर जुळविण्याकडून आता अक्षर काढण्याकडे वळू, कारण तेथेही हाच प्रकार आहे. 'टाइम्स न्यू रोमन' हे इंग्रजी अक्षर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. कचेरीतला इंग्रजी कागद बहुधा त्यातच असतो. लंडनच्या 'टाइम्स' पत्रासाठी ते १९३२ साली आले. श्रेय स्टॅन्ली मॉरिसन यांना मिळते, फार तर जोडीला व्हिक्टर लार्डेंट यांचे नाव येते. पण ते अक्षर यंत्रावर चढण्यापूर्वी मोनोटाइप कंपनीच्या सॅलफर्ड्स येथील रेखाटनखात्यात गेले, आणि त्या खात्यात टेबलांपाशी मुख्यतः मुली बसलेल्या होत्या. एकेक अक्षर सुमारे दहा इंच उंच काढावयाचे, त्याची कड केसाएवढीही इकडची तिकडे होऊ द्यावयाची नाही, लहान आकारासाठी जाडी वाढवावयाची, मोठ्यासाठी घटवावयाची. याला कंपनी 'गिरविणे' समजे. ज्याने एकदा तरी अक्षर लहानाचे मोठे करून पाहिले आहे तो याला गिरविणे म्हणणार नाही. याच खात्यात १९५१ साली लागलेल्या पॅट्रिशिया साँडर्स यांनी पुढे रॉबिन निकोलस यांच्यासह १९८२ साली 'एरियल' हे अक्षर केले. आज संगणक उघडणारा प्रत्येक माणूस ते पाहतो.

नावाची गंमत येथे संपत नाही. बिअ‍ॅट्रिस वॉर्ड या अमेरिकन विदुषीने १९२६ साली एक संशोधन प्रसिद्ध केले: गारामोंची म्हणून जगभर नावाजलेली अक्षरे वस्तुतः झां जानों या दुसऱ्याच कारागिराची आहेत. लेखावर नाव घातले पॉल बोजों, म्हणजे पुरुषाचे. मोनोटाइप कंपनीने या विद्वान गृहस्थांना नोकरी देऊ केली, आणि हजर झाल्या बाई! त्यांनी ती नोकरी उत्तम केली. जर्मनीत एलिझाबेथ फ्रीडलेंडर यांनी एक देखणे अक्षर घडविले. ते तयार होईतो हिटलरचे राज्य आले होते, आणि फ्रीडलेंडर हे आडनाव ज्यू. अक्षराला आडनावाऐवजी 'एलिझाबेथ' हे नाव देऊन कारखान्याने ते बाजारात आणले. बाईंना देश सोडावा लागला.

'बायांचे अक्षर नाजूक' असे आपल्याकडे म्हणतात, म्हणून एक उदाहरण देतो. ब्रिटनमधील रस्त्यांवरच्या पाट्यांची अक्षरे जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी १९५७ ते १९६७ या काळात ठरविली. भरधाव मोटारीतून, पावसात, अंधारात वाचता यावे असे ते अक्षर आहे. त्यात नाजूक काही नाही. अक्षराला बाईपुरुष असा भेद नसतो. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

येथे थोडे विषयांतर क्षम्य समजावे. भगिनीवर्गाने मॅटीच्या कापडावर टाके मोजून 'सुस्वागतम्' काढले आहे. रुखवतावर नवरानवरीची नावे मण्यांनी विणली आहेत. चौकोनांच्या जाळीत गोलाई आणावयाची म्हणजे काय कसरत असते ते त्यांनाच माहीत. 'स'ची गाठ किती घरांत बसवावी? 'त'चा बाक दोन टाक्यांत उतरतो की तीन लागतात? १९८४-८५ साली अमेरिकेत संगणकाचा पडदा नवा होता आणि त्यावरची चित्रे जाड ठिपक्यांची बनलेली असत. तेव्हा झुझाना लिको या तरुणीने, ठिपके लपविण्याऐवजी, ठिपक्यांतूनच अक्षरे घडविली आणि त्यामुळे तिचे नाव जगभर झाले. तिच्यापुढचा प्रश्न आणि मॅटीवरचा प्रश्न तत्त्वतः एकच होता. आपल्याकडे मात्र तो तोरणापुरता राहिला, आणि लग्न झाले की तोरण ट्रंकेत गेले.

आता देवनागरीकडे परत येऊ. शिशाचा खिळा जाऊन प्रकाशाने अक्षर जुळविणारी यंत्रे आली तेव्हा भारतीय लिप्यांची नवी अक्षरे करण्याचे काम लायनोटाइप कंपनीच्या इंग्लंडमधील शाखेत चाले. तेथे १९७८ पासून १९८९ पर्यंत फिओना रॉस या होत्या, आणि या खात्याची सूत्रे त्यांच्याकडे होती. कलकत्त्याच्या 'आनंदबझार पत्रिके'ची नवी बंगाली अक्षरे त्यांच्या आणि टिम हॉलोवे यांच्या सहकार्यातून झाली. जुन्या खिळ्यांच्या सोयीसाठी लिपीची जी मोडतोड झाली होती ती यंत्र बदलल्यावर चालू ठेवण्याचे कारण नाही, लिपीने यंत्रापुढे वाकू नये, यंत्राला लिपीपुढे वाकवावे, या दिशेने त्यांचे काम गेले. पुढे रेडिंग विद्यापीठात २०१८ ते २०२१ या काळात त्यांनीच अ‍ॅलिस साव्हॉय आणि हेलेना लेक्का यांच्याबरोबर अक्षरांच्या कारखान्यांतील स्त्रियांचा शोध घेतला. रेखाटनखात्यातील ज्या मुलींविषयी आम्ही मघाशी बोललो त्यांची हकीकत या शोधामुळेच नीट उजेडात आली. केडगावच्या छापखान्याचा असा शोध कोणी मराठी माणसाने घेतला पाहिजे. अंतर फार नाही.

आणि आपल्या मुली? त्या आता उघडपणे, आपल्या नावाने, या कामात आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेच्या संस्थापकांत नूपुर दाते आहेत. याच संस्थेचे 'मोदक' नावाचे अक्षर पाहा. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी काढली, रोमन भाग नूपुर दाते यांनी. सिद्धटेकच्या वाटेवरच्या श्रोत्यांना नाव समजावून सांगावयास नको. अक्षर इतके गुबगुबीत की आतली पोकळी नुसत्या फटीएवढी उरते, आणि तरीही 'भ' आणि 'म' यांची गल्लत होत नाही. खरी परीक्षा तेथेच असते. याच मैथिली शिंगरे यांनी गिरीश दळवी यांच्यासह १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या जैन पोथीवरून 'जैनी' हे अक्षर उभे केले. मनुषी पारीख यांचे 'हिंद' शांत आणि सरळ आहे, तर त्यांचेच 'टेको' चौकोनी, उंच, मथळ्यातून ओरडणारे. लिपी रावल यांचे 'कलम' हाताने लिहिल्यासारखे वाटते. कॅथरीन श्मिट या बाईंनी मुंबईच्या लोकलच्या रंगविलेल्या पाट्यांवरून 'यात्रा' केले. रंगाऱ्यांच्या कुंचल्याचा मान आपल्याआधी परदेशी बाईने ओळखला, हे थोडे लागते. ही बहुतेक अक्षरे फुकट मिळतात, आणि कर्जतच्या छापखान्यालाही ती वापरावयास कोणाची आडकाठी नाही.

शेवटी एक बारीक पण आपल्या घरातली गोष्ट. मराठी शाळेत आपण 'ल' आणि 'श' ज्या वळणाने गिरवितो ते हिंदीतल्या वळणाहून निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली आपले वळण अधिकृतपणे नोंदविले. पण संगणकावर आणि मोबाइलवर कित्येकदा हिंदी वळण उमटते, आणि पहिलीतले पोर विचारते, "हा कोणता 'ल'?" अक्षर घडविणाऱ्याने दोन्ही वळणे काढून ठेवावी लागतात, आणि मजकूर मराठी असेल तर मराठी वळण आपोआप यावे अशी सोय फॉन्टच्या पोटात करावी लागते. फिओना रॉस आणि जॉन हडसन यांच्या अक्षरांवरून झालेला 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट खास या वळणांसाठीच निराळा काढलेला आहे.

आम्ही एकच वाक्य या सहा-सात अक्षरांत छापून आणले आहे. 'शाळेत लवकर ये' एवढेच वाक्य आहे, म्हणजे 'श' आणि 'ल' दोन्ही पाहता येतील. प्रत्येक नमुन्याखाली ते अक्षर घडविणाऱ्यांचे नाव दिले आहे. कागद अध्यक्षांच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी सावकाश येऊन पाहावेत; मुलांना पुढे येऊ द्यावे.